घंटेचे भाऊबंद

शीर्षक वाचून ज्यांना हसू आलं त्यांनी आधी मनसोक्त हसून घ्यावं. हॉस्टेलच्या भाषेत 'घंटा' या शब्दाचा काय अर्थ होतो ते मला माहीत आहे, आणि मराठी विभाग तपासणाऱ्या सरांनाही माहीत असणार. पण इथे विषय खऱ्या घंटेचा आहे. 'द ब्रदरहुड ऑफ द बेल' हा अमेरिकन टीव्हीसाठी बनवलेला एक थरारपट. १७ सप्टेंबर १९७० रोजी तो सीबीएस वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. एक कॉलेज, त्या कॉलेजातली एक गुप्त संघटना आणि तिच्याशी पंगा घेणारा एक प्रोफेसर, एवढाच त्याचा ऐवज.

पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या टीव्हीपटावर इंजिनिअरिंगच्या मॅगझीनमध्ये लेख कशाला, असं कोणी विचारेल. सबमिशनच्या दिवसांत जे हाताला लागेल ते बघायचं या नियमाने मी तो बघितला. काळे झगे, मेणबत्त्या, तळघर, खून असा मसाला असेल असं वाटलं होतं. मसाला फार थोडा निघाला. निघालं ते एका यंत्रणेचं वर्किंग. कुठला पार्ट काय करतो, लोड कुठे येतो आणि मोडायचं असेल तर कुठे मोडेल, हे सगळं एका गोष्टीत. म्हणून हा लेख.

टीव्हीसाठी सिनेमा म्हणजे काय?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५० च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर 'स्टुडिओ वन'सारख्या मालिकांमधून नाटकं दाखवत. पुढे हॉलिवूडचे थेटरात चालून गेलेले सिनेमे टीव्हीवर येऊ लागले. मग वाहिन्यांनी हिशेब केला, की दुसऱ्याचा शिळा माल महागात घेण्यापेक्षा स्वतःच ताजा बनवावा. एनबीसीने ऑक्टोबर १९६४ मध्ये दाखवलेला 'सी हाऊ दे रन' हा अशा खास टीव्हीसाठी बनवलेल्या सिनेमांतला पहिला धरतात. १९६९ पासून एबीसी वाहिनी दर आठवड्याला असा एक नवा सिनेमा देऊ लागली. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' याच वाटेने १९७१ मध्ये आला.

या सिनेमांना पैसा कमी आणि शूटिंगचे दिवसही मोजके. मोठ्या मारामाऱ्या, स्फोट, गर्दी परवडायची नाही. त्यामुळे भीती निर्माण करायची ती खोल्यांतून, टेलिफोनमधून, टेबलावर ठेवलेल्या कागदांतून. गुप्त संघटनेच्या विषयाला हे फारच सोयीचं पडलं, कारण अशा संघटना कामही खोल्यांत, टेलिफोनवर आणि कागदांवरच करतात!

'ब्रदरहुड'चा दिग्दर्शक पॉल वेंडकॉस, संगीत जेरी गोल्डस्मिथचं. नायक ग्लेन फोर्ड म्हणजे 'गिल्डा' आणि 'थ्री टेन टू युमा'मधला मोठ्या पडद्यावरचा नट. पटकथा डेव्हिड कार्पने स्वतःच्याच १९५२ च्या कादंबरीवरून लिहिली. त्याआधी १९५८ मध्ये याच कादंबरीवर 'स्टुडिओ वन'मध्येही प्रयोग झाला होता. कादंबरीचं साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोष्ट

अँड्र्यू पॅटरसन हा अर्थशास्त्राचा नावाजलेला प्रोफेसर. पैसा, प्रतिष्ठा, सुंदर बायको, वजनदार सासरा, सगळं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या कॉलेजात तो शिकला (कॉलेज काल्पनिक आहे) तिथे बावीस वर्षांपूर्वी त्याला 'ब्रदरहुड ऑफ द बेल'मध्ये घेतलं होतं. सिनेमा सुरू होतो तेव्हा तो पहाटेच्या वेळी त्याच कॉलेजात आलेला आहे, कारण आता फिलिप डनिंग नावाच्या एका नव्या पोराला आत घ्यायचं आहे आणि पॅटरसन त्याचा सिनिअर आहे. छोटासा विधी होतो. पॅटरसनचा स्वतःचा सिनिअर चॅड हार्मन हाही तिथे हजर असतो.

विधी संपल्यावर हार्मन पॅटरसनला एक पाकीट देतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा संघटनेने त्याच्याकडे काहीतरी मागितलेलं असतं. काम वरवर किरकोळ आहे. डॉ. हॉर्वाथी या विद्वान मित्राला एका कॉलेजात डीनची जागा मिळणार आहे. ती त्याने नाकारावी, कारण संघटनेला तिथे आपला माणूस बसवायचा आहे. हॉर्वाथी हा कम्युनिस्ट राजवटीतून निसटून अमेरिकेत आलेला. त्याला निसटायला ज्यांनी मदत केली त्यांची नावं पाकिटात आहेत. त्याने ऐकलं नाही तर ही यादी तिकडच्या सरकारच्या हातात पडेल, म्हणजे त्या माणसांचं काय होईल ते सांगायला नको.

पॅटरसन कचरतो, पण काम करतो. हॉर्वाथी आत्महत्या करतो.

इथून खरी गोष्ट चालू होते. पॅटरसन ठरवतो की हे सगळं चव्हाट्यावर आणायचं. बायकोला सांगतो, सासऱ्याला सांगतो. सासरा त्याला एका सरकारी अधिकाऱ्याकडे नेतो. पॅटरसन विश्वासाने ते कागद त्याच्या हवाली करतो. नंतर चौकशीला जातो तर अशा नावाचा कोणी अधिकारीच नाही! कागद गेले म्हणजे पुरावा गेला. सासरा कानांवर हात ठेवतो. नोकरी जाते. वडिलांनी हिमतीने उभ्या केलेल्या धंद्यामागे सरकारी चौकशीचा ससेमिरा लागतो आणि म्हातारा त्यात खचतो. बायको सोडून जाते. आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारा घाव म्हणजे त्याला कळतं की आजवर जे मानमरातब त्याने स्वतःच्या हुशारीचे समजले होते, त्यांच्यामागेही संघटनेचा हात होता.

संपूर्ण सिनेमात संघटना त्याच्यावर एकदाही बंदूक रोखत नाही. तशी गरजच पडत नाही.

लिंक्ड लिस्टची गंमत

आता जरा इंजिनिअरच्या नजरेने या संघटनेकडे बघू. सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपण डबली लिंक्ड लिस्ट शिकतो. प्रत्येक नोडला फक्त दोन पत्ते माहीत असतात, मागच्याचा आणि पुढच्याचा. पूर्ण लिस्ट केवढी आहे, सुरुवात कुठे आहे, हे मधल्या नोडला कळायचा मार्ग नाही. 'ब्रदरहुड' नेमकी तशी आहे. पॅटरसनचा थेट संबंध येतो तो वरच्या हार्मनशी आणि खालच्या फिलिपशी. बाकीचे भाऊबंद बँकेत असतील, सरकारात असतील, शेजारच्या घरातसुद्धा असतील. कोण आहे ते माहीत नाही, म्हणून प्रत्येकावर संशय. आणि बंडखोर नोड डिलीट करायचा असेल तर मागचा-पुढचा पत्ता जोडला की झालं, लिस्ट पूर्ववत.

फायदा लक्षात आला ना? त्याला कोर्टात जाऊन सांगायचं तरी काय? तर 'माझ्या एका ओळखीच्या माणसाने मला एक पाकीट दिलं.' बस्स. एवढीच त्याची साक्ष.

पण लिस्ट हा सांगाडा झाला. तो चालवणारी वीज वेगळीच आहे. ती आहे उपकार.

आपल्याकडे 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतात. संघटना बावीस वर्षं पॅटरसनला मीठच खाऊ घालते. मागत काही नाही. ज्याने मागितलं नाही त्याला नाही म्हणायची सवय आपल्याला राहत नाही. मग एक दिवस मागणी येते तेव्हा माणूस आधीच मिंधा झालेला असतो.

यावर १९७१ मध्ये, म्हणजे सिनेमाच्या दुसऱ्याच वर्षी, डेनिस रेगन या मानसशास्त्रज्ञाचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगाला आलेल्या विद्यार्थ्याबरोबर दुसरा एक 'विद्यार्थी' बसवलेला असे, जो खरं तर रेगनचाच माणूस. मधल्या सुट्टीत तो बाहेर जाऊन येताना काही जणांसाठी न मागता एक कोका कोला घेऊन येई, काहींसाठी नाही. नंतर तो सहज सगळ्यांना विचारी, माझी लॉटरीची तिकिटं घेतोस का? ज्यांनी कोला प्यायला होता त्यांनी न प्यायलेल्यांच्या सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. आणि त्यांना तो माणूस आवडला होता की नाही याने फारसा फरक पडला नाही. एका कोल्यात हे होत असेल, तर बावीस वर्षांच्या नोकऱ्या, मानसन्मान आणि ओळखीपाळखी यांत काय होईल याचा हिशेब तुम्हीच मांडा.

इथे एक गोष्ट सांगतो म्हणजे गैरसमज नको. उपकार वाईट नसतात. फर्स्ट इयरला मला एका सिनिअरने स्वतःची सगळी जर्नल्स दिली होती आणि वर बजावलं होतं, पास झालास की पुढच्या बॅचच्या पोराला दे. ही पण साखळीच आहे. पण इथे परतफेड पुढे जाते, मागे येत नाही. देणाऱ्याने माझ्यावर काही हक्क ठेवला नाही, आणि हे सगळं कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर चालतं. ज्या उपकाराचं बिल नंतर बंद पाकिटात येतं तो उपकार वेगळा.

वाळीत टाकण्याचं तंत्र

पॅटरसन फितूर झाल्यावर संघटना काय करते? ती त्याला खोटं ठरवण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. ती त्याला एकटा करते. आधी पुरावा काढून घेते. मग त्याच्या बोलण्याला दुजोरा देणारा माणूस, म्हणजे सासरा, फिरतो. मग पोटावर पाय. मग वडील. मग घर. एकेक आधार काढत जायचं. शेवटी जो उरतो तो केस विस्कटलेला, आवाज चढलेला, सगळ्यांवर संशय घेणारा माणूस. त्याच्याकडे बघूनच लोक म्हणतात, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, वाळीत टाकणं. गावात कोणी बोलायचं नाही, दुकानदाराने माल द्यायचा नाही, मयताला कोणी जायचं नाही. हात न उगारता माणूस संपवायची ही रीत आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि २०१७ मध्ये तो अंमलात आला, तो उगीच नाही.

एकटेपणाची ताकद किती, हे सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मोजून दाखवलं होतं. प्रयोग अगदी पोरखेळ वाटावा असा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. कोणती रेघ पहिल्या रेघेएवढी लांब, ते ओळखायचं. एकट्याला विचारलं तर चूक शंभरात एकसुद्धा होत नाही. पण खोलीत बाकीचे सगळे अ‍ॅशने पढवलेले होते आणि ते आधी, एकमुखाने, चुकीचं उत्तर देत. आता खऱ्या विद्यार्थ्याची पाळी. अशा वेळी जवळजवळ ३७ टक्के उत्तरं चुकीची आली. डोळ्यांना दिसतंय एक आणि तोंडातून निघतंय दुसरंच!

पण या प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅशने त्या पढवलेल्यांत फक्त एक माणूस असा ठेवला जो खरं उत्तर देई. बहुमत अजूनही विरुद्धच. तरी चुका एकदम चौथ्या हिश्शावर आल्या. एक माणूस पुरला.

हे वाचल्यावर मला 'ब्रदरहुड'चा प्लॉट नीट समजला. संघटनेचं सगळं काम चाललंय ते पॅटरसनच्या बाजूने हा एक माणूस उभा राहू नये म्हणून.

स्टुडिओतली सर्कस

सिनेमातला सगळ्यांत अंगावर येणारा भाग टीव्ही स्टुडिओत घडतो. सगळे दरवाजे बंद झाल्यावर पॅटरसन एका टॉक शोमध्ये जातो. सूत्रसंचालकाचं काम विल्यम कॉनराडने केलंय, भारदस्त आवाजाचा, पाहुण्याची कातडी सोलणारा. १९६० च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर जो पाइनसारखे भांडखोर सूत्रसंचालक लोकप्रिय होते, त्याच जातीचा. पॅटरसनला वाटतं, आता देशभर सत्य पोचेल. होतं उलटंच. प्रेक्षकांतला जो उठतो तो स्वतःच्या मनातला शत्रू या कथेत घुसवतो. पॅटरसन सांगतोय काय आणि लोक कोणत्या जातीधर्माच्या नावाने बोटं मोडतायत काय! सगळ्याची सर्कस होते आणि खरी तक्रार त्या गदारोळात बुडून जाते.

टीव्हीसाठी बनलेल्या सिनेमाने टीव्हीचीच अशी हजेरी घ्यावी, हे मला फार आवडलं. पण त्याहून मोठी गोष्ट यात आहे. 'जगामागे गुप्त हात आहेत' या कल्पनेचा इतिहास चांगला नाही. १९०३ मध्ये रशियात ज्यूंच्या कथित जागतिक कटाचे 'प्रोटोकॉल्स' छापले गेले. ते बनावट असल्याचं लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्ये पुराव्यानिशी दाखवलं. तरी पुढे हिटलरच्या प्रचाराने ते वापरलेच. साप साप म्हणून भुई धोपटणारे नेहमी सापालाच धोपटतात असं नाही, बऱ्याचदा शेजाऱ्याला धोपटतात.

म्हणून गुप्त संघटनेवरचा चांगला थरारपट दोन्हीकडून सावध असतो. सत्ता बंद खोलीत बसून चालते हे तो सांगतो, आणि त्याच खोलीचं नाव घेऊन जमाव किती सहज भडकतो हेही सांगतो. 'ब्रदरहुड' हे दोन्ही सांगतो. पॅटरसनकडे नाव आहे, पाकीट आहे, मेलेला मित्र आहे. स्टुडिओतल्या लोकांकडे फक्त राग आहे.

खरंच असं काही असतं का?

अमेरिकन प्रेक्षकाला कॉलेजातली गुप्त संघटना ही कविकल्पना वाटायचं कारण नव्हतं. येल विद्यापीठात १८३२ पासून 'स्कल अँड बोन्स' आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाचे पंधरा जण घेतात. त्यांची इमारत दगडी, बंदिस्त, आणि तिला म्हणतात 'टूम', म्हणजे थडगं! अध्यक्ष टाफ्ट, थोरले बुश आणि धाकटे बुश हे तिघे तिचे सभासद. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश आणि जॉन केरी, दोघेही उमेदवार याच पंधरांच्या परंपरेतले निघाले. मुलाखतीत विचारलं तेव्हा दोघांनीही हसून विषय टाळला. यात गुन्हा काही सिद्ध होत नाही. पण मतदाराने कुठलंही बटण दाबलं तरी एकाच थडग्यातला माणूस निवडून येणार, ही गंमत लोकांना जरा बोचलीच.

आणि आता ते १९५२ साल. तेव्हा अमेरिकेत सिनेटर मॅकार्थीचा जोर होता. कोण कम्युनिस्ट, कोणाचा मित्र कम्युनिस्ट, याच्या याद्या नाचवल्या जात होत्या आणि यादीत नाव आलं की नोकरी जात होती, शेजारी बोलेनासे होत होते. कार्पच्या कथेतल्या पाकिटातही नावांची यादीच आहे हे लक्षात घ्या. सिनेमा आला १९७० मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात ओहायोच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले होते. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. वॉटरगेट उघडकीला यायला अजून दोन वर्षं होती. 'द पॅरलॅक्स व्ह्यू'सारखे मोठ्या पडद्यावरचे गाजलेले कटपट १९७४ च्या आसपासचे. छोट्या पडद्याने तो वास आधीच घेतला होता.

शपथ कोणाशी?

इथे कोणी म्हणेल, म्हणजे विधी, शपथ, भाऊबंदकी सगळं वाईटच का? तसं नाही. आपल्याच धंद्यातलं उदाहरण देतो. कॅनडात इंजिनिअर होणाऱ्यांचा एक समारंभ असतो. तोही बंद दाराआड, गाजावाजा न करता होतो. त्यात शपथ असते आणि शेवटी करंगळीत एक साधी अंगठी घालतात, ज्या हाताने काम करतो त्या हाताच्या करंगळीत. ड्रॉइंग काढताना, सही करताना ती कागदाला घासत राहते. हा विधी रुडयार्ड किपलिंगने लिहिला. हो, तोच, १८६५ मध्ये आपल्या मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात जन्मलेला. पहिला समारंभ १९२५ मध्ये मॉन्ट्रियलला झाला. ही अंगठी क्वेबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते अशी एक दंतकथा आहे. ती खरी नाही, पण तो पूल १९०७ मध्ये बांधकाम चालू असताना खरंच कोसळला होता आणि त्यात ७५ माणसं गेली होती. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब कमी धरला होता.

दोन विधी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे शपथ, दोन्हीकडे बंद दार. एकीकडे शपथ आहे भाऊबंदांना सांभाळायची. दुसरीकडे आहे ती पुलावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला सांभाळायची. माझ्या मते फरक एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

घंटा नसलेली खोली

हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, ते २७ जानेवारी १९८६ च्या रात्री दिसलं. दुसऱ्या दिवशी 'चॅलेंजर' यान उडणार होतं. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर रॉजर बॉइसजोली आणि अर्नी थॉम्पसन टेलिफोनवरच्या मीटिंगमध्ये जीव तोडून सांगत होते की जोडांमधल्या रबरी ओ-रिंग थंडीत कडक होतात, वेळेत पसरून फट बुजवणार नाहीत, उड्डाण करू नका. बॉइसजोलीने सहा महिन्यांपूर्वी, जुलै १९८५ मध्येच, तसा लेखी इशारा दिला होता. नासाच्या बाजूने दबाव आला. कंपनीच्या वरिष्ठांनी आपसात चर्चा केली आणि त्यांच्यातल्या एकाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सुचवलं की आता इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची घाल. परवानगी गेली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झालं. सात अंतराळवीर गेले.

त्या खोलीत झगे नव्हते, घंटा नव्हती, पाकीट नव्हतं. होतं ते आपल्या माणसांना अडचणीत आणायचं नाही हे न बोललेलं वचन. चौकशी आयोगापुढे खरं बोलल्यावर बॉइसजोलीशी सहकाऱ्यांनी बोलणं तोडलं आणि शेवटी त्याने कंपनी सोडली. वाळीत टाकायला गुप्त संघटना लागत नाही. एक ऑफिस पुरतं.

पण त्या रात्री फ्लोरिडात त्याच कंपनीचा अ‍ॅलन मॅक्डोनल्ड होता. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला त्याने नकार दिला. सही मग युटातून वरिष्ठाने केली. पुढे आयोगापुढे मॅक्डोनल्डने स्वतःहून उठून सांगितलं की इंजिनिअरांचा विरोध होता. त्यालाही पदावरून हलवलं. मग संसद सदस्यांनी कंपनीला जाब विचारला, तेव्हा तो परत आला आणि बूस्टरचा जोड नव्याने डिझाइन करण्याचं काम त्याच्याच देखरेखीखाली झालं. बॉइसजोली एकटाच बोलला असता तर तो कदाचित 'नेहमीच कुरकुर करणारा एक इंजिनिअर' म्हणून फाइलमध्ये जमा झाला असता. दोघांची साक्ष जुळली, म्हणून देशाला ऐकावं लागलं.

फिलिपचं काय?

आता सिनेमाच्या शेवटाकडे येतो. सगळं गमावलेल्या पॅटरसनला उमगतं की लिस्टमध्ये त्याच्या हातात अजून एक पत्ता शिल्लक आहे, पुढच्या नोडचा. फिलिप डनिंग, ज्याला त्याने स्वतः पहाटे आत घेतलं होतं. पोरगा विशीतला, करिअर सुरूही व्हायचंय, संघटनेकडून अजून सगळं मिळायचं आहे. त्याने तोंड उघडलं तर पॅटरसन खरा ठरतो. गप्प बसला तर पॅटरसन वेडा. फिलिप काय करतो ते मी इथे सांगणार नाही, सिनेमा बघा.

मला मात्र शेवटी पॅटरसनपेक्षा फिलिपचीच जास्त काळजी वाटली. पॅटरसनला जे गमवायचं ते त्याने गमावलेलं आहे. फिलिपला अजून निवड आहे. आणि खरं सांगायचं तर आपण सगळे आज फिलिपच्याच वयाचे आहोत. दोन-चार वर्षांत साइटवर, शॉप फ्लोअरवर, टेस्टिंग लॅबमध्ये असू. पहिला आवाज उठवण्याइतकी छाती प्रत्येकाची नसते, माझी आहे की नाही ते वेळ आल्यावर कळेल. पण कोणीतरी आधीच उठून 'ही रीडिंग चुकीची आहेत' म्हणत असेल आणि आपल्यालाही ती चुकीचीच दिसत असतील, तर 'हो, मलाही तसंच दिसतंय' एवढं म्हणायला हिरो असावं लागत नाही. अ‍ॅशच्या खोलीत तेवढ्यानेच चुका चौथ्या हिश्शावर आल्या होत्या.

तेव्हा कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी जोरात करा, सिनिअरकडून जर्नल्स जरूर घ्या, पुढे द्यायला विसरू नका. आणि कोणी बंद पाकीट हातात दिलं तर आधी उघडून बघा, मग ठरवा.